रत्नाबाईंची आवाज पिणारी भिंत

मुळशी तालुक्यात, भरे गावाच्या वरच्या अंगाला, आमच्या विद्यापीठाची तीन मजली इमारत २००८ च्या डिसेंबरात उभी राहिली. सरकारी बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर मी तिच्या बांधकाम समितीचा सचिव झालो होतो. पाहुणे आले की तळमजल्यावरच्या मोठ्या व्याख्यानकक्षात थबकतात, तिथल्या मातीच्या भिंतींवरून हात फिरवतात आणि ही कल्पना कोणाची, असे मला विचारतात. मी त्यांना आकडे सांगतो, आराखडा दाखवतो. खरे उत्तर मात्र एका बाईंच्या आयुष्यात आहे, आणि ते आरंभापासून सांगितले तरच नीट कळेल.

रत्नाबाईंचे माहेर ताम्हिणीच्या बाजूला, डोंगरातल्या दहा-बारा घरांच्या वाडीत. तिकडे घराच्या भिंती कारवीच्या असत. कारवी म्हणजे डोंगरउतारावर दाट माजणारे, पुरुषभर उंचीचे झुडूप. त्याच्या सरळ काठ्या शेजारी शेजारी बांधून जो पडदा तयार होतो त्याला कूड म्हणतात. कुडावर दोन्ही बाजूंनी माती लिंपली की भिंत झाली. बांधण्याचे काम पुरुषांचे, लिंपण्याचे बायकांचे. रत्नाबाई सात-आठ वर्षांच्या असल्यापासून लिंपत होत्या. लग्न होऊन त्या भरे गावात आल्या, आणि १९९८ च्या सुमारास पिरंगुटच्या बाजूला कारखान्यांच्या शेडी उठू लागल्या तशा बांधकामावर घमेले उचलू लागल्या. आमच्या कामावर त्या आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावरून दहा वर्षांचे सिमेंट वाहून झाले होते. थापी हाती धरण्याची वेळ मात्र एकदाही आली नव्हती. बाई मिस्त्री होत नसते, हा बांधकामावरचा अलिखित नियम. तो नियम आहे हे मला ठाऊक होते आणि तो मला खटकलाही नव्हता, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

आमच्या इमारतीच्या अंतर्गत सजावटीचे काम सुनीती दामले या तरुण वास्तुविशारद बाईंकडे होते. त्यांचे सूत्र कडक होते: आतल्या भागात वापरायची वस्तू शक्यतो पन्नास किलोमीटरच्या आतली असावी, आणि तिचे काम संपल्यावर ती मातीत मिसळावी किंवा दुसऱ्या कामी यावी. जुन्या दारांच्या लाकडातून त्यांनी बाके करून घेतली. खिडक्यांची उंची अशी ठरवली की दिवसा दिवा लावावा लागू नये आणि वातानुकूलन यंत्राची गरजच पडू नये. मला हे सारे नीटनेटके वाटले. पुढे १२ जानेवारी २००९ रोजी ध्वनिशास्त्राचे प्राध्यापक मनीष रिसबूड दोनशे आसनांच्या त्या कक्षात चाचणी म्हणून व्याख्यान द्यायला उभे राहिले, आणि आमचे सगळ्यांचे धाबे दणाणले.

एकही वाक्य कळेना. प्रत्येक शब्द काँक्रीटवर आणि काचेवर आपटून परत येई आणि पुढच्या शब्दावर चढून बसे. प्राध्यापकांनी फुगा फोडून यंत्राने मोजले: आवाज विरायला साडेतीन सेकंद. "वर्गासाठी एक-सव्वा सेकंद म्हणजे उत्तम," ते म्हणाले, "ही तर गुहा आहे!"

विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब तडकाफडकी निर्णय घेणारे गृहस्थ. "बंडोपंत," ते मला म्हणाले, "बाजारात आवाज शोषणारे फोमचे तक्ते मिळतात. मागवा आणि चिकटवा."

"पन्नास वर्षं कुजणार नाहीत ते तक्ते," सुनीतीबाई म्हणाल्या. "मग आपण या इमारतीच्या नावाने एवढी भाषणं कशाला केली?"

"निदान ती भाषणं लोकांना ऐकू तरी आली, सुनीतीताई!" अण्णासाहेब म्हणाले.

वाद असा पेटलेला असताना दाराशी विटांचे घमेले उतरवून उभ्या राहिलेल्या रत्नाबाई मध्येच बोलल्या. "माजं घर न्हाई घुमत."

आम्ही सगळ्यांनीच वळून पाहिले.

"मालकास्नी अंगणातनं कितीबी वरडू द्या, आत आवाज येतो तो मरूनच," त्या म्हणाल्या. "भित पिती आवाज. ह्या तुमच्या भित्ती तो परत वकत्यात."

अण्णासाहेब हसले. सुनीतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या दुपारीच त्या भरे गावात रत्नाबाईंच्या घरी जाऊन बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्राध्यापक रिसबूडांना यंत्रासह घेऊन गेल्या. परत आले तेव्हा प्राध्यापकांची चाल बदललेली होती. ते जवळजवळ धावतच माझ्या टेबलाशी आले. मातीत मिसळलेला पेंढा आणि भाताचे तूस यांमुळे भिंत आतून सच्छिद्र राहते, हाताने लिंपल्यामुळे तिला लहरी येतात, आणि कुडामागे चार बोटे पोकळी ठेवली तर जाड आवाजही त्यात जिरतो, असे त्यांनी मला एका दमात सांगितले.

अण्णासाहेबांनी फार ताणले नाही. त्यांनी एक तारीख दिली: मंगळवार, २४ मार्च. मोठ्या कक्षाच्या तीन भिंतींपुढे रत्नाबाईंनी असे लिंपलेले कूड उभे करायचे. त्या दिवशी चाचणी होईल. भिंत कसोटीला उतरली तर उरलेल्या अकरा वर्गांचे काम रत्नाबाईंच्या हाताखाली होईल. नाही उतरली तर २५ तारखेला तक्त्यांची मागणी जाईल आणि रत्नाबाई पुन्हा घमेल्यावर.

"हाताखाली म्हंजी?" रत्नाबाईंनी मला विचारले.

"म्हणजे तुम्ही मुख्य कारागीर. मिस्त्री."

त्यांनी पदर खोचला. "मंग सायेब, चिखल म्या सांगीन तसाच हुईल."

मी रीतसर वेळापत्रक आखले. २२ फेब्रुवारीला इमारतीच्या मागे खड्डा खणून त्यात दीड ब्रास, म्हणजे दीडशे घनफूट, रानातली तांबूस माती, चिरलेला पेंढा, तूस, शेण आणि हिरड्याचे पाणी असा चिखल तुडवून ठेवण्यात आला. हा चिखल पंधरा दिवस मुरू द्यायचा, रोज पाणी शिंपडायचे, एक दिवसाआड तुडवायचा. मी वेळापत्रकात या कामासाठी तीनच दिवस धरले होते. रत्नाबाईंनी पंधरा सांगितले, आणि मी खाडाखोड करून पंधरा लिहिले. पण मातीला एवढे दिवस कशाला लागतात हे विचारले नाही. ते विचारायला हवे होते.

नशीब असे की त्या आधीच्याच पावसाळ्यात कारवी फुलली होती. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून वाळून जाते, त्यामुळे डोंगरात वाळक्या काठ्यांचे रान उभे होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक कूड बांधून झाला. उरलेल्या काठ्या आपल्या भावाच्या मालकीच्या रानातून आणायला रत्नाबाई ५ तारखेला माहेरी गेल्या.

६ मार्चला, शुक्रवारी, अण्णासाहेबांचा निरोप आला: उद्या सकाळी काही पाहुणे इमारत पाहायला येतील. मी आवार फिरून पाहिले. पुढे सगळे ठाकठीक होते. मागे गेलो तर खड्ड्यातून असा दर्प येत होता की नाकाला रुमाल लावावा लागला. वर काळसर पाणी, त्यावर बुडबुडे, भोवती माशा. चिखल नासला, असा मी निष्कर्ष काढला. पस्तीस वर्षे मी बांधकामे तपासली होती. नासलेला माल आवारातून तत्काळ हलवावा ही माझी शिस्त. ट्रॅक्टर बोलावला, खड्डा रिकामा करवला, चुना टाकून बुजवला आणि तो सारा चिखल रस्त्याच्या भरावात खडी-डबराखाली गाडला गेला. सायंकाळपर्यंत जागा अशी स्वच्छ झाली की मला समाधान वाटले.

शनिवारी दुपारी, पाहुणे जेवून परतल्यावर, रत्नाबाई कारवीच्या मोळ्या घेऊन टेम्पोतून उतरल्या आणि थेट मागे गेल्या. क्षणभराने त्यांची हाक आली. मी गेलो.

"खड्डा कुटं हाय?"

मी सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे.

"वास मारत हुता?"

"भयंकर."

"मारणारच की! आंबला हुता तो. वास आला म्हंजी माती तयार झाली. वाळली की एक थेंब वास न्हाई ऱ्हात." त्या खाली बसल्या. "सायेब, घरात वयनींनी डोशाचं पीठ आंबवाया ठेवलं, तर तुमी ते मोरीत वततासा व्हय?"

नवा चिखल मुरवायचा तर पंधरा दिवस. लिंपणाचे दोन थर आणि वाळवण मिळून किमान बारा. हातात होते सतरा. मी अण्णासाहेबांना दूरध्वनी केला, चूक माझी आहे हे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि पंधरवड्याची मुदत मागितली.

"बंडोपंत, तुमची चूक मी माफ करतो," ते म्हणाले. "तारीख नाही करत. जूनमध्ये मुलं येणार आहेत."

सुनीतीबाई कपाळाला हात लावून पायरीवर बसल्या. रत्नाबाई मात्र एकदम उठल्या. "सायेब, तुमची गाडी काढा. हैबतभावजींकडं जायाचंय."

हैबतराव भरे गावातले जुने खातेदार. नेरे-मारुंजीकडे जमिनींचे भाव चढले तसे इकडेही गिऱ्हाईक आले. त्यांनी तीन एकर विकले आणि आता जुने मातीचे घर पाडून स्लॅबचा बंगला बांधायला काढला होता. आम्ही तिघे पोहोचलो तेव्हा घर आडवे झाले होते. रस्त्याच्या कडेला त्या भिंतींच्या मातीचा डोंगर पडला होता, आणि तो उचलून न्यायला कोणी येईना म्हणून हैबतराव वैतागले होते.

रत्नाबाईंनी एक ढेकूळ उचलले, फोडले, हुंगले. त्यांचा चेहरा उजळला. "ताई, बगा! सत्तर वरसं मुरल्याली माती. पेंढा पार विरून गेलाय हिच्यात. हिला पंधरा दिस कशाला? पाण्यात भिजवली, नवा तूस-पेंढा घातला, की चौथ्या दिशी हाताला लागती!"

आनंदाने सुनीतीबाईंनी माझा दंड धरला. पण हैबतराव ढिगाऱ्यामागून बाहेर आले. "काय चाललंय, वयनी?"

"भावजी, ही माती द्या आमास्नी."

"माती?" त्यांनी माझ्या गाडीकडे, मग माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिले. "पुण्याचा सायेब गाडी घेऊन आलाय मातीसाटी?"

"व्हय."

"वयनी, मी काय दुदखुळा न्हाई. आज्ज्यानं भित्तीत कायतरी पुरल्यालं हाय म्हनत्यात. तुमाला कुनी सांगितलं?"

"भावजी, सोनं असतं तर तुमच्या बानं तुमच्या लग्नात म्हैस इकली असती व्हय? माती हाय ती, माती!"

"मंग माती चाळून न्या. बारीक चाळा. मी हितंच बसनार, आन् चाळनीत जे ऱ्हाईल ते माजं."

"चाळाया माज्याकडं माणसं न्हाईत, भावजी."

"माणसं मी लावतो!"

मी काही बोलणार तोच रत्नाबाईंनी डोळ्यांनी मला गप्प केले. माती चाळायला आम्हाला दोन दिवस आणि सहा माणसे लागली असती. हैबतरावांनी दोन्ही पुतणे, मेहुणा आणि शेजारचे तिघे लावून, स्वतः चाळणीवर लक्ष ठेवून, रविवारी सायंकाळच्या आत दोन ब्रास माती इतकी बारीक चाळली की तशी शिस्त मला सरकारी कामावरही कधी मिळाली नव्हती. चाळणीत राहिले ते असे: दोन खिळे, एक लाकडी फणी, एक गोटी आणि बैलाच्या गळ्यातले एक घुंगरू.

"झालं समाधान?" रत्नाबाईंनी विचारले.

"दुसऱ्या खोलीच्या भित्तीची माती ऱ्हायलीय अजून," हैबतराव घुंगरू खिशात टाकत म्हणाले. "ती बी न्हेताय का?"

सोमवारी माती भिजली. होळीच्या दिवसांत गावातल्या सहा बायका कामाला आल्या आणि नऊवारीचे काठ वर खोचून तिन्ही दिवस चिखल तुडवत होत्या. पाण्याचा पाइप धरायला मी उभा राहिलो. "सायेब, चप्पल काडून या की आत," कोणीतरी म्हटले आणि मोठा हशा झाला. मी गेलो नाही; पण पाणी कमी पडू दिले नाही.

गुरुवारी, १२ मार्चला, पहिला थर सुरू झाला. रत्नाबाईंचे काम मी प्रथमच नीट पाहिले. चिखलाचा गोळा त्या कुडावर असा मारत की तो काठ्यांमधून पलीकडे जाऊन तिथे फुगे. मग तळव्याची कड वापरून खालून वर, अर्धवर्तुळात, तो पसरत. थापी त्यांनी दूर ठेवली होती. "थापीनं तोंड बंद हुतं मातीचं," त्या म्हणाल्या, "मंग ती पिनार कशी?" शिकाऊ बाईने कुठे चोपडे केले की त्या लगेच म्हणत, "आगं, गाल न्हाई रंगवायचा नवरीचा. बोटं उमटू दे."

मार्चचे ऊन कडक झाले होते. माती झपाट्याने सुकली तर तडकते, म्हणून खिडक्यांवर ओली गोणपाटे टांगावी लागली. ती दर दोन तासांनी भिजवण्याचे वेळापत्रक मी केले आणि या खेपेस त्यातल्या प्रत्येक आकड्याचे कारण रत्नाबाईंना आधी विचारले. १७ तारखेला दुसरा थर चढला. २१ तारखेला मागच्या भिंतीवर हातभर तडा दिसला तेव्हा मी धावतच त्यांना बोलावून आणले. रत्नाबाईंनी तो अंगठ्याने दाबून पाहिला, तूस घातलेला पातळ चिखल भरला आणि ओले फडके लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी तडा कुठे होता ते मला शोधूनही सापडले नाही. भिजवताना आलेला वास तर कधीच गेला होता. उरला होता तो फक्त झळ उतरल्यावर भिजलेल्या शेताला येतो तसा, अगदी मंद.

२४ मार्चला सकाळी दहा वाजता अण्णासाहेब आले, बरोबर मंडळाचे चार सदस्य. बायका दाराबाहेर घोळक्याने उभ्या होत्या. प्राध्यापक रिसबूडांनी यंत्र मांडले, फुगा फोडला. फट् असा आवाज झाला आणि तिथल्या तिथे संपला. प्राध्यापक यंत्राकडे पाहत राहिले. त्यांनी दुसरा फोडला, तिसरा फोडला.

"एक पूर्णांक दोन!" ते ओरडले. "साडेतीनवरून एक पूर्णांक दोन!"

अण्णासाहेब मात्र हलले नाहीत. "यंत्राचं यंत्राला कळतं. माझ्या कानाला कळलं पाहिजे. मी शेवटच्या रांगेत बसतो. कोणीतरी व्यासपीठावरून बोला. ध्वनिक्षेपक नको, आणि ओरडायचंही नाही."

प्राध्यापक पुढे सरसावले. अण्णासाहेबांनी त्यांना थांबवले. "तुम्हाला भाषणाची सवय आहे. ज्यांनी भिंत केली त्यांनी बोलावं."

रत्नाबाई आत आल्या. दहा वर्षे बांधकामावर काढून त्या कुठल्याही व्यासपीठावर चढल्या नव्हत्या. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, पुन्हा केला. सगळी खोली त्यांच्याकडे पाहत होती. साठ फुटांवर अण्णासाहेब शेवटच्या बाकावर एका अंगावर रेलून, पायावर पाय टाकून बसले होते, आणि त्यांच्या बुटाचे टोक बाजूच्या भिंतीला टेकले होते.

रत्नाबाईंची नजर तिथे गेली. स्वयंपाकघरात बसून नातवाला सांगावे तशा साध्या आवाजात त्या बोलल्या:

"आण्णासायेब, पाय काडा आधी. भित अजून कवळी हाय."

अण्णासाहेबांनी चटकन पाय काढला. मग सरळ बसले. आपण काय केले हे त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला, आणि तोपर्यंत प्राध्यापक रिसबूड टाळ्या वाजवू लागले होते, सुनीतीबाई रडत-हसत होत्या आणि दाराबाहेर बायकांनी एकच गिल्ला केला होता. मी पस्तीस वर्षांत अनेक इमारती ताब्यात दिल्या, पण एखाद्या चाचणीचा निकाल असा पायाने दिलेला पाहिला नव्हता.

"अकराही वर्ग," अण्णासाहेब उठून म्हणाले. "बंडोपंत, कागदावर घ्या: मुख्य कारागीर, श्रीमती रत्नाबाई. तक्तेवाल्यांना नकार कळवा."

मी कागद घेतला, तारीख घातली आणि सही घेण्यासाठी वळलो तर रत्नाबाई व्यासपीठावर नव्हत्या. शोधत शोधत आम्ही शेजारच्या वर्गात गेलो. तिथे त्या कोऱ्या विटांच्या भिंतीला हात लावून, कोपर ते बोटाचे टोक असे मोजत पुढे सरकत होत्या, आणि मागे नलिनी नावाची त्यांची सून तो आकडा मोठ्याने म्हणत होती.

"अठरा हात," त्या वळून म्हणाल्या. "सायेब, ह्या एकट्या भित्तीला मोळ्या तीस लागतील. रानात कवा निगायचं?"